बालसंरक्षण कायदा आणि मनातील गुन्हा : बदलापूर प्रकरणाच्या संदर्भात एक ऐतिहासिक चिकित्सा

सारांश

बालकांवरील लैंगिक अत्याचाराची घटना उघडकीस आली की समाजाचा रोष अपराध्याच्या कृतीपेक्षा त्याच्या 'विकृत मनोवृत्ती'वर अधिक केंद्रित होतो, आणि ही मनोवृत्तीच कायद्याने ठेचून काढावी अशी मागणी होऊ लागते. फौजदारी कायद्याची परंपरा मात्र विचाराला शिक्षा देत नाही. ती कृतीला शिक्षा देते आणि कृतीमागील हेतू तपासते. प्रस्तुत निबंधात १८६० ची भारतीय दंड संहिता ते २०१२ चा 'लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम' (यापुढे पॉक्सो) आणि त्यावरील अलीकडील निर्णय यांच्या आधारे विचार, हेतू आणि कृती यांतील सीमारेषा कशी सरकत गेली याचा आढावा घेतला आहे. २०२४ च्या बदलापूर प्रकरणात कायदा जिथे अपुरा पडला ते ठिकाण अपराध्याचे मन हे नसून संस्थांचे मौन हे होते, असे प्रतिपादन शेवटी केले आहे.

बीजशब्द : पॉक्सो, सदोष मनःस्थिती, हेतू, गृहीतक, बदलापूर, बालहक्क, खासगीपणा.

१. प्रस्तावना

ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही मध्य रेल्वेच्या एकाच मार्गाने जोडलेली शहरे आहेत. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या कल्याण छावणीतून १९४९ मध्ये उल्हासनगर आकारास आले. शिलाहारकालीन शिवमंदिरासाठी प्रसिद्ध असलेले अंबरनाथ आयुध निर्माणी आणि औद्योगिक वसाहतीमुळे कामगारांचे गाव झाले. मुंबईत घर परवडत नाही अशा नोकरदार कुटुंबांनी बदलापूर वाढवले. २०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८, अंबरनाथची २,५३,४७५ आणि बदलापूरची १,७४,२२६ होती. या भागातील असंख्य घरांत आई-वडील दोघेही पहाटेची लोकल पकडतात आणि रात्री परततात. दिवसभर मूल शाळा, रिक्षा, पाळणाघर आणि शिकवणी यांच्या हवाली असते. येथील बालसुरक्षेचा प्रश्न त्यामुळे मुख्यतः संस्थांवरील विश्वासाचा प्रश्न आहे.

हा विश्वास ऑगस्ट २०२४ मध्ये तुटला. बदलापुरातील एका शाळेच्या बालवर्गातील दोन मुलींवर शाळेतील एका सफाई कर्मचाऱ्याने लैंगिक अत्याचार केल्याचा आरोप झाला. १६ ऑगस्ट रोजी गुन्हा नोंदवला गेला, दुसऱ्या दिवशी आरोपीस अटक झाली आणि २० ऑगस्ट रोजी संतप्त नागरिकांनी बदलापूर स्थानकात रेल्वेमार्ग कित्येक तास रोखून धरला. आरोपीला तात्काळ फाशी द्या, ही त्या जमावाची प्रमुख मागणी होती. २२ ऑगस्ट रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली.

त्या दिवसांतील सार्वजनिक चर्चेत 'विकृत', 'नराधम', 'वासनांध' ही विशेषणे सर्रास वापरली गेली. ही सर्व विशेषणे मनाची आहेत. त्यामागील वेदना रास्त आहे हे निर्विवाद. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाला येथे एक प्रश्न विचारावा लागतो : कायदा माणसाच्या मनापर्यंत किती आत जाऊ शकतो, आणि तो तेथे जाऊ लागला तर मुले खरोखर अधिक सुरक्षित होतात काय? या प्रश्नाची ऐतिहासिक चिकित्सा करणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

२. विचार, हेतू आणि कृती : परंपरेचा मागोवा

केवळ विचारासाठी कोणासही शिक्षा होऊ नये, हे तत्त्व रोमन विधिज्ञ उल्पियन याच्या नावे पुढे रोमन विधिसंग्रहात समाविष्ट झाले. या तत्त्वाला अपवाद नव्हते असे नाही. इंग्लंडच्या १३५१ च्या राजद्रोह कायद्यात राजाच्या मृत्यूची 'कल्पना करणे' हाच गुन्हा मानला गेला होता. परंतु त्या कायद्यानेही ती कल्पना एखाद्या उघड कृतीतून सिद्ध होण्याची अट घातली होती. सत्तेला विचाराचे सर्वाधिक भय होते त्या काळातही मन सिद्ध करण्यासाठी बाह्य पुराव्याचा आधार घ्यावा लागला, ही बाब महत्त्वाची आहे.

मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील विधि आयोगाच्या मसुद्यावर आधारित भारतीय दंड संहिता १८६० मध्ये संमत झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. या संहितेतून गुन्ह्याच्या चार पायऱ्या अभ्यासकांनी मांडल्या : हेतू, तयारी, प्रयत्न आणि पूर्ती. पैकी पहिली पायरी कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली. दुसरी पायरी म्हणजे तयारी, ही सरकारविरुद्ध युद्ध, दरोडा, खोटी नाणी यांसारख्या मोजक्या प्रकरणांतच दंडनीय ठरली. शिक्षेचा खरा प्रदेश प्रयत्नापासून सुरू होतो.

तयारी कोठे संपते आणि प्रयत्न कोठे सुरू होतो, याचे एक उदाहरण या जिल्ह्याच्याच इतिहासात आहे. वसई परिसरातील खाडीकाठी चांदीच्या विटा वाहून नेणारी वाहने पकडली गेली. चांदी अद्याप समुद्रात गेली नव्हती, म्हणून ही केवळ तयारी आहे, असा बचाव होता. १९८० मध्ये महाराष्ट्र राज्य विरुद्ध मोहम्मद याकूब या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि हा तस्करीचा प्रयत्नच आहे असे ठरवले. न्यायालयाने हेतू ओळखला तो मध्यरात्रीची वेळ, खाडीचा काठ, लपवलेला माल यांवरून, म्हणजे परिस्थितीवरून. मनाचा शोध घ्यायचा तो हातापायांच्या खुणांवरून, ही फौजदारी कायद्याची मूळ शिस्त या निर्णयात स्पष्ट दिसते.

३. वय : एक बाह्य परिमाण

बालसंरक्षणाच्या कायद्याने आरंभी मनाचा प्रश्न मोठ्या चातुर्याने टाळला होता. त्याने 'वय' हे बाह्य, मोजता येणारे परिमाण स्वीकारले. १८६० च्या संहितेत संमतिवय १० वर्षे होते. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ मध्ये बालविवाहावरील टिपणे प्रसिद्ध केली. त्याच वर्षी मुंबईत रखमाबाईंविरुद्ध दावा दाखल झाला आणि १८८८ मधील तडजोडीपर्यंत तो गाजत राहिला. पुढे कलकत्त्यातील फुलमणी या बालवधूच्या मृत्यूने देश हादरला आणि १८९१ च्या कायद्याने संमतिवय १२ वर्षांवर आले.

या विधेयकावरून महाराष्ट्रात झालेला वाद सर्वपरिचित आहे. रा. गो. भांडारकर व का. त्र्यं. तेलंग विधेयकाच्या बाजूने उभे राहिले, तर परकीय सरकारने कायद्याद्वारे सामाजिक सुधारणा लादू नये या भूमिकेतून लोकमान्य टिळकांनी त्यास विरोध केला. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या वादातील एक गोष्ट लक्षणीय आहे. घराच्या उंबरठ्याआड कायद्याने जावे की नाही, यावर दोन्ही पक्ष भांडले. पण पतीच्या मनात काय होते हे तपासावे असे कोणीही म्हटले नाही. मुलीचे वय आणि तिला झालेली इजा एवढ्यावरच प्रश्न निर्णीत करण्यात आला.

त्यानंतर ही वयोमर्यादा टप्प्याटप्प्याने वाढत गेली. १९२५ मध्ये ती १४ वर्षे, १९४९ मध्ये १६ वर्षे आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्याने १८ वर्षे झाली. पत्नीच्या बाबतीतील कमी वयाचा अपवाद सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०१७ च्या निर्णयाने १८ वर्षांवर आणला. वय या निकषाची शक्ती त्याच्या निःसंदिग्धतेत आहे. मात्र स्पर्श, शब्द, पाठलाग, चित्र अशा इजेची खूण न उरणाऱ्या कृती कायद्याच्या कक्षेत येऊ लागल्या, तेव्हा केवळ वयावर भागेना. एखादा स्पर्श वात्सल्याचा की वासनेचा, हे ठरवण्यासाठी हेतू तपासणे अपरिहार्य झाले.

४. वाचकाच्या मनावरील पहारा

दरम्यान कायद्याच्या दुसऱ्या एका शाखेने मनावर पहारा ठेवण्याचा दीर्घ प्रयोग करून पाहिला होता. ही शाखा म्हणजे अश्लीलताविषयक कायदा. १८६८ च्या हिकलिन खटल्यातील कसोटीनुसार, ज्यांची मने अनैतिक प्रभावाला वश होऊ शकतात त्यांना बिघडवण्याची प्रवृत्ती मजकुरात आहे काय, हे पाहिले जाई. कोवळ्या मनांचे रक्षण, ही त्यामागील घोषित भूमिका होती.

महाराष्ट्रात या कायद्याचा फटका कोणाला बसला? संततिनियमन आणि लैंगिक शिक्षण यांचा प्रसार करणाऱ्या र. धों. कर्वे यांना. 'समाजस्वास्थ्य' मासिकातील मजकुराबद्दल त्यांच्यावर १९३१ मध्ये आणि पुन्हा १९३४ मध्ये खटले झाले. दुसऱ्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. स्वातंत्र्यानंतर 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील 'श्यामा' या कथेसाठी चंद्रकांत काकोडकर यांना उच्च न्यायालयाने दोषी ठरवले आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले.

या प्रकरणांत एकाही प्रत्यक्ष मुलाचे संरक्षण झाले नाही. संरक्षण होते ते 'बिघडू शकेल अशा' एका काल्पनिक वाचकाच्या मनाचे. लैंगिक विषयावर बोलणेच संशयास्पद ठरवणाऱ्या या पहाऱ्याने मुलांना स्वतःच्या शरीराविषयीचे शब्दही मिळू दिले नाहीत. आपल्यावर काय घडले हे सांगण्यासाठी मुलाला शब्द लागतात. ते शब्द देणाऱ्या शिक्षणाचा आग्रह धरणारा लेखकच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केला गेला, हा या इतिहासातील मोठा विरोधाभास होय.

याउलट १९९१ मध्ये गोव्यात मडगाव येथे उघडकीस आलेले फ्रेडी पीट्स प्रकरण पाहावे. मुलांसाठी आश्रयगृह चालवणाऱ्या या इसमाकडे मुलांची लैंगिक छायाचित्रे मोठ्या संख्येने सापडली आणि १९९६ मध्ये त्यास शिक्षा झाली. येथे छायाचित्र हे वाचकाचे मन बिघडवणारे साधन नव्हते. प्रत्येक छायाचित्र ही एका खऱ्या मुलावर घडलेल्या गुन्ह्याची नोंद होती. कायद्याचे लक्ष 'पाहणाऱ्याच्या मना'वरून 'चित्रातील मुला'कडे वळणे, हा या इतिहासातील निर्णायक बदल होय. २००३ चा गोवा बालक कायदा आणि त्यानंतर २०१२ चा पॉक्सो कायदा या बदलाची फलश्रुती मानता येतील.

५. पॉक्सो कायदा आणि हेतूचा शोध

१४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आलेल्या पॉक्सो कायद्यात 'लैंगिक हेतू' ही संकल्पना मध्यवर्ती आहे. कलम ७ मधील लैंगिक हल्ला आणि कलम ११ मधील लैंगिक छळ हे दोन्ही अपराध लैंगिक हेतूने केलेल्या कृतीवर आधारलेले आहेत. कलम ११ च्या स्पष्टीकरणात, लैंगिक हेतूचा प्रश्न हा वस्तुस्थितीचा प्रश्न राहील असे म्हटले आहे. कलम २९ नुसार विशिष्ट गंभीर अपराधांत आरोपीनेच कृत्य केले असे गृहीत धरले जाते, तर कलम ३० नुसार त्याची सदोष मनःस्थिती गृहीत धरली जाते. हे गृहीतक खोडून काढण्याची जबाबदारी आरोपीवर आहे, आणि तीही वाजवी संशयापलीकडे. सामान्य फौजदारी कायद्याच्या तुलनेत ही मोठी उलटापालट आहे.

या तरतुदींचा अर्थ लावताना न्यायालये दोन टोकांमध्ये हेलकावत गेली. १९ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, पेरूच्या आमिषाने घरात नेलेल्या १२ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात, त्वचेचा त्वचेशी थेट संपर्क नसल्याने हा पॉक्सोखालील लैंगिक हल्ला ठरत नाही, असा निर्णय दिला. येथे कायदा कृतीच्या बाह्य तपशिलात इतका अडकला की मुलीवरील आघातच नजरेआड झाला. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. लैंगिक हेतू हा या अपराधाचा गाभा आहे, वस्त्राचा अडसर नव्हे, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

मात्र हेतू हा गाभा आहे याचा अर्थ हेतू पुरेसा आहे असा नव्हे. ३० जून २०२५ रोजी याच नागपूर खंडपीठाने २०१५ च्या एका प्रकरणात आरोपीस निर्दोष सोडले. एका किशोरवयीन मुलीचा हात धरून प्रेम व्यक्त करणारे शब्द उच्चारल्याचा आरोप त्याच्यावर होता. केवळ अशा शब्दांवरून लैंगिक हेतू सिद्ध होत नाही, त्यासोबत तो हेतू दर्शवणारे आणखी काही असावे लागते, असे न्यायालयाने म्हटले. या निर्णयाविषयी मतभेद असू शकतात. शालेय मुलीला रस्त्यात अडवले जाणे ही तिच्या दृष्टीने भयाची गोष्ट असते, हे विसरता येत नाही. तथापि दोन्ही निर्णय एकत्र वाचले असता एक सूत्र हाती येते : कृतीशिवाय हेतू दंडनीय नाही आणि हेतू वगळून कृतीचा अर्थ लागत नाही. कलम ३० चे गृहीतकही फिर्यादी पक्षाने मूलभूत वस्तुस्थिती सिद्ध केल्यानंतरच कार्यान्वित होते. अन्यथा 'माझ्या मनात काय नव्हते' हे सिद्ध करण्याचे अशक्य ओझे प्रत्येक शिक्षक, डॉक्टर आणि पालकावर पडेल.

६. साठवण, चित्र आणि खासगी कक्ष

विचार आणि कृती यांतील अंतर सर्वांत कमी होते ते साठवणुकीच्या गुन्ह्यात. एकट्याने, बंद खोलीत, स्वतःच्या संगणकावर ठेवलेली चित्रे ही कृती की केवळ विकृत कल्पना? भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ नुसार अश्लील वस्तू विक्री वा प्रसारासाठी बाळगणे हा गुन्हा होता, निव्वळ बाळगणे नव्हे. बालकांच्या बाबतीत माहिती तंत्रज्ञान कायद्यातील २००८ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६७-ब आणि पॉक्सोचे कलम १५ यांनी ही मर्यादा ओलांडली. २०१९ च्या दुरुस्तीने तर प्रत्यक्ष मुलासारखी भासणारी संगणकनिर्मित प्रतिमाही व्याख्येत आणली.

मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये, असे साहित्य केवळ खासगीरीत्या पाहणे हा गुन्हा नाही म्हणून एका आरोपीविरुद्धचा खटला रद्द केला. २३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. कलम १५ हे अपूर्ण गुन्ह्याला शिक्षा देते. साहित्य कसे बाळगले, ते नष्ट का केले नाही, त्याची माहिती यंत्रणेला का दिली नाही, या बाह्य गोष्टींवरून प्रसाराचा हेतू जोखता येतो, असे न्यायालयाने ठरवले. अशा साहित्यास 'पोर्नोग्राफी' न म्हणता बालकांच्या लैंगिक शोषणाचे साहित्य म्हणावे, असेही न्यायालयाने सुचवले. हा शब्दबदल केवळ शाब्दिक नाही. मडगावच्या छायाचित्रांनी जो धडा दिला होता त्याचीच ही न्यायिक मान्यता आहे.

जगातील इतर न्यायालयांनाही हा प्रश्न पडला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये घरात अश्लील साहित्य बाळगण्यास संरक्षण दिले, पण १९९० मध्ये बालकांच्या चित्रांना ते संरक्षण नाकारले. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या शार्प खटल्यात साहित्य बाळगण्याचा गुन्हा कायम ठेवला. मात्र व्यक्तीने स्वतःच लिहिलेले वा रेखाटलेले आणि केवळ स्वतःपुरते ठेवलेले साहित्य त्यातून वगळले. स्वतःची रोजनिशी हा मनाचाच विस्तार आहे, ही त्यामागील दृष्टी होती.

भारतीय कायद्याने हा भेद पुरेशा स्पष्टतेने केलेला नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. खऱ्या मुलाचे चित्र बाळगणारा त्या मुलावरील अत्याचार लांबवत असतो. बाजारात मागणी निर्माण करून पुढील अत्याचारास हातभार लावत असतो. त्याला शिक्षा देताना कायदा विचाराला शिक्षा देत नाही. खऱ्या मुलाशी साधर्म्य असलेली कृत्रिम प्रतिमाही त्या मुलाची अप्रतिष्ठा करते. परंतु कोणत्याही मुलाशी संबंध नसलेली, कोणासही न दाखवलेली लिखित कल्पना कितीही किळसवाणी असली तरी ती उपचाराचा विषय होऊ शकते, शिक्षेचा नव्हे.

७. मन वाचण्याचे तंत्र

मनापर्यंत थेट पोहोचण्याचा आणखी एक मार्ग विज्ञानाच्या नावाने खुला झाला होता. नार्को चाचणी, सत्यशोधन चाचणी आणि मेंदूतील विद्युत्-लहरींची चाचणी यांचा तपासात उपयोग वाढला. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदू-चाचणीचे निष्कर्ष पुरावा म्हणून विचारात घेऊन शिक्षा सुनावली, तेव्हा त्याची चर्चा देशाबाहेरही झाली. ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या चाचण्या संमतीविना करणे घटनाबाह्य ठरवले. अनुच्छेद २०(३) मधील स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क केवळ जिभेचा नसून मनाचाही आहे, असा त्याचा आशय होता. २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निर्णयाने खासगीपणाला मूलभूत हक्काचा दर्जा दिला.

हे निर्णय गुन्हेगारांना सोयीचे आहेत, अशी टीका होते. पण ज्या राज्यसंस्थेला अपराध्याच्या मेंदूत शिरण्याची मुभा मिळते, ती निरपराधाच्या मेंदूपाशी थांबेल याची हमी इतिहास देत नाही. कर्वे यांचे उदाहरण वर आलेच आहे.

८. बदलापूर : दोष कोठे होता?

आता मूळ प्रकरणाकडे वळू. बदलापुरात कायदा अपुरा होता काय? पॉक्सो होता. २०१९ च्या दुरुस्तीने गंभीर लैंगिक अत्याचारास मृत्युदंडाची तरतूदही होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली होती. शिक्षेची कमतरता नव्हती. कमतरता होती ती अगदी साध्या पायऱ्यांची.

पॉक्सोच्या कलम १९ नुसार अपराध घडल्याची माहिती असलेल्या, किंवा तो घडण्याची आशंका असलेल्या प्रत्येक व्यक्तीने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. कलम २१ नुसार अशी माहिती न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत, तर हाताखालील व्यक्तीच्या अपराधाची माहिती न देणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. कलम २४ नुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी वा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाविना नोंदवावयाचा असतो. बदलापुरात पालकांना तक्रार नोंदवण्यासाठी तासन्‌तास थांबावे लागले. शाळेने पोलिसांना कळवले नाही आणि पोलिसांनी तपासात विलंब केला, यावर उच्च न्यायालयाने कठोर शब्दांत नाराजी व्यक्त केली. माहिती न दिल्याबद्दल शाळेच्या पदाधिकाऱ्यांविरुद्धही कारवाई झाली. शाळांत 'सखी सावित्री' समित्या स्थापण्याचा शासन निर्णय मार्च २०२२ मध्येच निघाला होता. कागदावर उंबरठा होता, दार मात्र सताड उघडे होते.

हे मौन बदलापूरपुरते नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण २०१९ मध्ये उघडकीस आले. त्यात माहिती असूनही ती न दिल्याचा आरोप असलेल्या वैद्यकीय व्यावसायिकाविरुद्धचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि माहिती दडवणे हा गंभीर अपराध असून त्यामुळे अपराध्यास अभय मिळते, असे ठरवले. येथे लक्षात घ्यावे की कलम २१ कोणाच्याही मनाला शिक्षा देत नाही. ते एका न केलेल्या कर्तव्याला शिक्षा देते. ते कर्तव्य मोजता येते, तपासता येते आणि सिद्ध करता येते.

बदलापूर प्रकरणाचा शेवट मात्र न्यायालयात झाला नाही. २३ सप्टेंबर २०२४ रोजी तळोजा कारागृहातून नेत असताना मुंब्रा बाह्यवळणाजवळ पोलीस वाहनात गोळी लागून आरोपीचा मृत्यू झाला. आरोपीने पोलिसाचे शस्त्र हिसकावून गोळीबार केल्यामुळे स्वसंरक्षणार्थ गोळी झाडावी लागली, असे पोलिसांचे म्हणणे होते. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयासमोर आलेल्या दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात पाच पोलिसांना जबाबदार धरण्यात आले, आणि ७ एप्रिल २०२५ रोजी उच्च न्यायालयाने विशेष तपास पथकाकरवी चौकशीचा आदेश दिला.

तारखांचा योग विलक्षण आहे. ज्या दिवशी दिल्लीत सर्वोच्च न्यायालय मनातील हेतू बाह्य कृतीवरून कसा जोखावा याचे नियम घालून देत होते, त्याच दिवशी ठाणे जिल्ह्यात एका आरोपीच्या बाबतीत हेतू आणि कृती या दोहोंचाही न्यायालयीन शोध कायमचा थांबला. शहरात पेढे वाटणारेही होते. पण त्या दोन मुलींना मिळायला हवा होता तो निकाल, म्हणजे तुमच्यावर जे घडले ते न्यायालयाने ऐकले आणि खरे मानले असे सांगणारा कागद, तो आता कधीच मिळणार नाही. त्यानंतर मृतदेहाच्या दफनासही बदलापूर-अंबरनाथ परिसरात विरोध झाला आणि उच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर २९ सप्टेंबर रोजी उल्हासनगरच्या शांतीनगर स्मशानभूमीत पोलीस बंदोबस्तात दफन करण्यात आले. तिन्ही शहरांचा रोष अखेर एका देहावर येऊन थांबला. शाळेच्या दाराशी मात्र तो फार काळ थांबला नाही.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१) भारतीय बालसंरक्षण कायद्याचा प्रवास वय या बाह्य परिमाणाकडून हेतू या आंतरिक घटकाकडे झाला आहे. शोषणाची रूपे बदलल्याने हा प्रवास अपरिहार्य होता.

२) हेतू तपासणे आणि विचाराला शिक्षा देणे या भिन्न गोष्टी आहेत. हेतू कृतीच्या आधारे तपासला जातो. कृतीवाचून केवळ विचाराचा पाठलाग झाला तेव्हा मुलांचे रक्षण झाले नाही, सुधारकांची मुस्कटदाबी झाली.

३) शोषण-साहित्याची साठवण दंडनीय ठरवणे समर्थनीय आहे, कारण त्यात खऱ्या मुलाची हानी आहे. जेथे कोणतेही खरे मूल नाही आणि कोणताही प्रसार नाही, तेथे शिक्षेऐवजी उपचाराची व्यवस्था हवी.

४) सदोष मनःस्थितीचे गृहीतक आवश्यक असले तरी मूलभूत वस्तुस्थिती सिद्ध करण्याचे फिर्यादी पक्षाचे दायित्व सैल होता कामा नये. सैल गृहीतकावर उभी राहिलेली शिक्षा अपिलात कोसळते आणि तिचा भार पुन्हा पीडित मुलावरच पडतो.

५) बदलापूर प्रकरणातील मुख्य अपयश माहिती देण्याच्या कर्तव्याचे होते. कलम १९ व २१ ची अंमलबजावणी ही कठोरतर शिक्षेपेक्षा अधिक निकडीची बाब आहे.

हा शेवटचा निष्कर्ष महाविद्यालयीन अध्यापकांना थेट लागू होतो. आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांतील बहुसंख्य विद्यार्थी १८ वर्षांखालील असून कायद्याच्या दृष्टीने ते बालक आहेत. एखादी विद्यार्थिनी वर्गानंतर थांबून अडखळत काही सांगू लागते, तेव्हा संस्थेची प्रतिष्ठा, सहकाऱ्याची ओळख, परीक्षेचा हंगाम ही कारणे आपल्या मनात येतात. मनात ती येणे हा गुन्हा नाही. त्या कारणांपायी गप्प राहणे हा मात्र गुन्हा आहे, आणि कायद्याने ही रेषा अगदी योग्य ठिकाणी आखली आहे.